पातं वर येईना! होडीच्या मधल्या पात्याची देखभाल आणि दुरुस्ती



मागच्या अंकात आपण शिलाई मशीनच्या देखभालीचा धडा घेतला होता. या वेळचा विषय वाचून काही जणी म्हणतील, "आमच्या गटाकडे कुठे होडी आहे?" बरोबर आहे. आपल्या संघात शिडाची होडी एकाच गटाकडे आहे. पण दोर, कप्पी आणि बोल्ट यांच्यावर चालणारी वस्तू जवळजवळ प्रत्येक गावात आहे. म्हणून लेख सगळ्यांनीच शेवटपर्यंत वाचावा ही विनंती.

आधी जे घडलं ते सांगते.

फेब्रुवारीतला रविवार होता. खाडीकाठच्या आपल्या गटाची होडी चार पर्यटकांना घेऊन दुपारी निघाली. सुकाणूवर गटाच्या सचिव ताई आणि शिडाच्या दोरावर दुसऱ्या एक ताई. जाताना वारा छान होता. परत येताना सुकती लागली, पाणी उतरायला लागलं. वाळूचा दांडा जवळ आला म्हणून ताईंनी मधलं पातं वर घ्यायला दोर ओढला. कट्ट असा आवाज झाला आणि दोर रिकामाच हातात आला. पातं खालीच राहिलं आणि वाळूत रुतलं. भरतीचं पाणी परत चढेपर्यंत सगळे तिथेच बसून होते. कुणाला इजा झाली नाही, लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगात होतं. पण पर्यटकांचे १२०० रुपये परत द्यावे लागले आणि पुढच्या आठ दिवसांतल्या फेऱ्या रद्द झाल्या.

त्या आठवड्याच्या बैठकीत बरंच बोलणं झालं. "जोरात ओढला असेल", "घाई केली असेल", असं सचिव ताईंना ऐकावं लागलं. गावातले काही पुरुष तर म्हणाले, होडी हे बायकांचं काम नव्हेच. तेव्हा मी तपासणीची वही उघडली. घटनेच्या नऊ दिवस आधी त्या वहीत "दोर - ठीक" असं लिहून खाली सही केलेली होती. सही माझी होती.

मी दोर पाहिला होता, हे खरं. पण हाताला लागतो तेवढाच पाहिला होता. तुटला तो पेटीच्या आत, जिथे मी डोकावलेच नव्हते. चूक ओढणाऱ्या ताईंची नव्हती, तपासणाऱ्याची होती. बैठकीत मी तसं सांगितलं आणि इतिवृत्तात तसंच लिहून घेतलं. त्यानंतर बंदरावरच्या एका जुन्या मिस्त्रींकडून आम्ही सगळ्या जणी हे काम शिकलो. तेच आज तुमच्यासमोर मांडते.

१. मधलं पातं म्हणजे काय? ते कशासाठी?

शिडाच्या होडीला बाजूने वारा लागला की होडी पुढे जाते, पण सोबत आडवीही सरकते. हे सरकणं थांबवायला होडीच्या मधोमध तळातून खाली एक फळी किंवा लोखंडी पातं सोडतात. त्याला सेंटरबोर्ड म्हणतात. आपल्या ताया त्याला सरळ "पातं" म्हणतात, मीही तेच म्हणते.

पातं खाली असलं की होडी आडवी सरकत नाही आणि वाऱ्याच्या तोंडाकडे तिरकं तिरकं करत जाता येतं. वारा मागून असेल तेव्हा पात्याची फारशी गरज नसते, ते वर घेतलं तर होडी हलकी चालते. उथळ पाण्यात आणि होडी काठावर ओढताना तर ते वर घ्यावंच लागतं. म्हणजे एका फेरीत पातं कितीतरी वेळा खाली-वर होतं.

ही युक्ती जुनी आहे. इंग्रजांच्या आरमारातल्या जॉन शँक या अधिकाऱ्याने अठराव्या शतकात सरकत्या पात्यांची होडी बनवली. १७९८ साली बांधलेल्या "लेडी नेल्सन" या छोट्या जहाजाला अशी तीन पाती होती, त्यामुळे ते उथळ किनाऱ्याजवळ जाऊ शकत असे. पुढे ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याची पाहणी करायला तेच जहाज गेलं. आपल्या कोकणातल्या जुन्या होड्यांना असं पातं नसतं. क्लबमध्ये शिकवण्यासाठी वापरतात त्या फायबरच्या होड्यांना असतं. आपल्या गटाची होडी अशीच एका क्लबकडून जुनी घेतलेली आहे.

काही होड्यांचं पातं सरळ वर ओढून काढता येतं. मुलांच्या ऑप्टिमिस्ट होडीचं तसंच असतं. आपल्या होडीचं पातं मात्र एका बोल्टवर फिरतं, दाराचं पान बिजागरीवर फिरतं तसं. हा लेख अशा फिरत्या पात्याबद्दल आहे.

२. उचलणीचे पाच भाग

(१) पातं. आपलं पातं लोखंडाचं आहे. १ मीटर लांब, ३५ सेंटिमीटर रुंद आणि ८ मिलिमीटर जाड. वजन साधारण २२ किलो, म्हणजे शाळेत जाणाऱ्या सहा-सात वर्षांच्या मुलाएवढं.

(२) पेटी. होडीच्या मधली उभी अरुंद पोकळी. वर घेतलेलं पातं यात बसतं. आत कायम ओल आणि अंधार असतो.

(३) मुख्य बोल्ट. याच्यावर पातं फिरतं. बोल्ट पेटीच्या आरपार जातो, म्हणून दोन्ही बाजूंना रबरी वायसर असतात. ते खराब झाले की होडीत पाणी येतं.

(४) दोर आणि शॅकल. दोराचं एक टोक शॅकलने पात्याला अडकवलेलं असतं.

(५) कप्प्या आणि खुंटी. पेटीच्या तोंडाशी एक लपलेली कप्पी असते. वर जोडकप्प्या आणि दोर अडकवायची खुंटी असते.

जोडकप्प्या कशाला, ते समजून घ्या. दोर चार पदरी फिरवला की ओझं चार पदरांत वाटलं जातं. २२ किलो ओझं असेल तर हाताला सहा किलोच्या आसपास जोर लागतो. कप्प्यांच्या घासण्यामुळे थोडा जास्तच. बदल्यात दोर चौपट ओढावा लागतो. दोराचं टोक एक वीत वर यायचं तर चार विती ओढायचं. म्हणून नेहमीपेक्षा जास्त जोर लागला, तर "आज माझ्यात ताकद नाही" असं समजू नका. कुठेतरी काहीतरी अडतंय, असं समजा.

३. आमचा दोर का तुटला?

मिस्त्रींनी तुटलेलं टोक हातात घेतलं आणि लपलेली कप्पी बोटाने फिरवून दाखवायला सांगितली. ती फिरलीच नाही. मीठ आणि वाळू बसून जाम झाली होती. कप्पी फिरत नाही म्हणजे दोर तिच्यावरून घरंगळत नाही, घासत जातो.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. होडी काठावर उभी असते तेव्हा पातं वर बांधलेलं असतं. त्या वेळी दोराचा तोच एक वीतभर भाग त्या कप्पीवर वाकलेला राहतो, रोज आणि रात्रभर. झिजतो तोच भाग. बाकी दोर नव्यासारखा दिसत होता, म्हणून मी फसले.

हे लक्षात ठेवा : दोर सगळीकडून सारखा झिजत नाही. जिथे वाकतो, जिथे घासतो आणि जिथे गाठ आहे, तिथे आधी झिजतो. आणि या तीन जागा बहुतेक वेळा नजरेआड असतात.

४. लक्षण, कारण आणि उपाय

लक्षण : पातं वर यायला जड जातं.
कारण : कप्पी जाम, पेटीत वाळू-शिंपल्या, किंवा पातं वाकलेलं.
उपाय : कप्पी गोड्या पाण्याने धुवा, हाताने फिरवून पाहा. पेटीत वरून भरपूर पाणी ओता. तरीही जड असेल तर होडी काठावर घेऊन पातं पाहा.

लक्षण : पातं खालीच जात नाही.
कारण : फटीत खडा किंवा शिंपला अडकला, किंवा कालवं आणि शेवाळ चिकटलं.
उपाय : वरच्या फटीतून चपट्या लाकडी पट्टीने हळू दाबा. हातोडा मारू नका, पेटीला तडा जाईल. बोट तर कधीच घालू नका.

लक्षण : चालताना तळातून खडखड आवाज येतो.
कारण : बोल्ट झिजला, किंवा पात्याचं भोक गोल होतं ते लांबट झालं.
उपाय : बोल्ट बदला. भोक जास्त वाढलं असेल तर त्यात नवीन बुश बसवून घ्या. हे काम लेथवाल्याचं आहे.

लक्षण : पेटीच्या बाजूने होडीत पाणी येतं.
कारण : बोल्टचे रबरी वायसर कडक झाले किंवा तडकले.
उपाय : दोन्ही बाजूंचे वायसर एकदमच बदला. नट नुसता आवळत बसू नका, जास्त आवळला तर पेटी दबते आणि पातं अडकतं.

लक्षण : दोर हाताला खरखरीत लागतो, त्यावर केसाळ धागे दिसतात.
कारण : घासणं आणि ऊन.
उपाय : खरखरीत भाग कुठे कुठे जातो ते शोधा. पदर तुटलेला दिसला तर दोर बदलाच. गाठ मारून जोडू नका, ती गाठ कप्पीत अडकेल.

दोराऐवजी स्टीलची तार असेल तर ती उघड्या हाताने तपासू नका. तुटलेली बारीक तार बोटात सुईसारखी घुसते. जुनं फडकं तारेवरून फिरवा, जिथे फडकं अडकेल तिथे तार तुटायला लागली आहे. आणि "स्टेनलेस आहे, गंजणार नाही" या भरवशावर राहू नका. खाऱ्या पाण्यात, जिथे हवा खेळत नाही अशा फटीत, स्टेनलेसही आतून खाल्लं जातं.

५. नवा दोर कसा ओवायचा?

हे काम आमच्या तायांनी मिस्त्रींपेक्षा लवकर केलं, कारण परकराच्या नेफ्यात नाडी ओवायची सवय!

• दोर पॉलिस्टरचा, गुंफलेला आणि ८ मिलिमीटरचा घ्या. नायलॉन जास्त ताणला जातो. भाजीच्या गोणीला बांधतात तो स्वस्त प्लास्टिकचा दोर उन्हात लवकर कुजतो, तो इथे नको.
• आधी पात्याखाली आधार द्या. होडी काठावर असेल तर पातं लाकडी ठोकळ्यावर टेकवा. दोर काढल्यावर २२ किलोचं पातं खाली येणार आहे, हे विसरू नका.
• जुना दोर काढण्यापूर्वी नव्या दोराचं टोक जुन्याच्या टोकाला लावा. टोकाला टोक, एकावर एक नाही. जाड दोऱ्याने शिवा आणि वरून चिकटपट्टी गुळगुळीत गुंडाळा.
• एकीने जुना दोर हळू ओढायचा, दुसरीने नवा दोर आत सोडत जायचा. अडकलं तर जोर लावायचा नाही. थोडं मागे घ्यायचं, मग पुन्हा पुढे.
• दोर आधीच तुटून गेला असेल तर बारीक दोरीला एक नट बांधा आणि कप्पीवरून पेटीत सोडा. खालून दोरी मिळाली की तिच्यामागे दोर ओढून घ्या.
• शॅकल घट्ट बसवा आणि तिची पिन बारीक तारेने बांधून टाका, म्हणजे हलून हलून सुटणार नाही.
• दुसऱ्या टोकाला आठच्या आकाराची गाठ मारा, म्हणजे हातातून सुटला तरी दोर कप्पीतून निसटून आत जाणार नाही.
• दोर दोन वीत जास्त ठेवा. दर तीन महिन्यांनी पात्याकडचं टोक वीतभर कापून पुन्हा बांधा. असं केलं की कप्पीवर दोराचा नवा भाग येतो आणि झीज एकाच जागी होत नाही.

६. हातविंच असेल तर

काही होड्यांना दोर गुंडाळणारा हातविंच असतो. होडी काठावर ओढायलाही तो वापरतात. त्यात दाते आणि खिट्टी असते, खिट्टीमुळे विंच उलटा फिरत नाही. दात्यांना ग्रीस लावा. खिट्टीला मात्र पातळ तेलच लावा. ग्रीसमध्ये वाळू चिकटते, खिट्टी दात्यात नीट बसत नाही आणि हॅण्डल उलटं गरकन फिरतं. त्याने मनगट मोडू शकतं. ओझं असताना हॅण्डल सोडू नका, आणि साडीचा पदर, ओढणी, मोकळी वेणी आधी खोचून घ्या.

७. पाण्यात असताना दोर तुटला तर?

आधी माणसं, मग होडी. क्रम असा ठेवा :

(१) शीड उतरवा, म्हणजे वारा होडीला आणखी उथळात ढकलणार नाही.
(२) सगळ्यांना खाली बसवा, जॅकेटचे पट्टे तपासा.
(३) पाणी खोल असेल तर वल्ह्याने खोल भागाकडेच राहा. नांगर टाका आणि मदतीसाठी फोन करा.
(४) पातं रुतलं असेल तर होडी हेलकावून, ढकलून सोडवायला जाऊ नका. पातं वाकतं आणि बोल्टाजवळ पेटीला तडा जातो. भरतीची वाट पाहा. भरती-ओहोटीत साधारण सहा तासांचं अंतर असतं, म्हणून सुकतीच्या शेवटी उथळात फेरी न्यायचीच नाही.
(५) होडीखाली हात घालून पातं उचलायला कुणालाही उतरवू नका.

आता आमच्या होडीच्या पात्याला मिस्त्रींनी दुसरं भोक पाडून एक जोडदोर बांधून दिला आहे. मुख्य दोर तुटला तरी त्याने पातं वर येतं. प्रवासी किती घ्यायचे, नोंदणी आणि जॅकेट याबाबतचे मेरिटाइम बोर्डाचे नियम तर पाळायचेच आहेत.

८. तपासणीचं वेळापत्रक

प्रत्येक फेरीआधी : पातं एकदा पूर्ण खाली, एकदा पूर्ण वर. जोर नेहमीएवढाच लागतो का?

प्रत्येक फेरीनंतर : पेटी आणि कप्प्यांवर गोडं पाणी. दोन बादल्या पुरतात.

दर महिन्याला : पातं पूर्ण खाली सोडून लपलेला दोर बाहेर ओढून पाहा. पेटीत टॉर्च मारा. प्रत्येक कप्पी बोटाने फिरवा.

दर तीन महिन्यांनी : दोराचं टोक वीतभर कापून पुन्हा बांधा. शॅकलची पिन पाहा.

वर्षातून एकदा, पावसाळ्यात होडी वर असताना : होडी जुन्या टायरवर आडवी करा, पात्याला आधार द्या आणि मग बोल्ट काढा. बोल्टच्या मधल्या भागावरून नख फिरवा, खाच लागली तर बोल्ट बदला. पात्याचा गंज घासून रंग द्या. पेटी आतून लांब काठीला फडकं बांधून साफ करा. टेकू पक्के असल्याशिवाय कुणीही होडीच्या खाली जायचं नाही.

९. वही आणि पैसा

गटाने आता दोन ठराव केले आहेत.

पहिला ठराव : प्रत्येक फेरीच्या कमाईतले २० रुपये वेगळ्या देखभाल निधीत जातील. ते अंतर्गत कर्जाला वापरायचे नाहीत. नव्या दोराला आम्हाला सुमारे ५०० रुपये लागले. तेवढे वेळेवर काढले असते, तर १२०० रुपये परत द्यायची वेळ आली नसती.

दुसरा ठराव : वहीत "ठीक" हा शब्द लिहायचा नाही. काय पाहिलं ते लिहायचं. "लपलेली कप्पी फिरवली, फिरते. आतला दोर बाहेर काढला, पदर शाबूत." खाली दोघींची सही, एक तपासणारीची आणि एक त्या दिवशी होडी नेणारीची. जिचा जीव त्या दोरावर आहे, तिने तो दोर डोळ्याने पाहिलेला असावा, एवढाच त्यामागचा विचार. कर्जाच्या वहीत आपण "हप्ता ठीक" असं लिहितो का? रक्कम आणि तारीख लिहितो. इथेही तसंच.

१०. ज्यांच्याकडे होडी नाही त्यांच्यासाठी

विहिरीवरची कप्पी फिरते की दोर तिच्यावरून घासतो? पिठाच्या गिरणीचा पट्टा आतल्या बाजूने कधी पाहिला? शेळीच्या गळ्यातली दोरी खुंट्याजवळ किती झिजली आहे? मंडपाच्या दोराची गाठ मागच्या वर्षीचीच आहे का? नियम एकच : वाकतं, घासतं आणि गाठ असते ती जागा आधी पाहा.

बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गटाच्या किंवा घरच्या कोणत्या वस्तूचा "लपलेला भाग" आपण वर्षभरात पाहिलेला नाही?
२. आपल्या गटाकडे देखभाल निधी वेगळा आहे का? नसेल तर किती रुपयांनी सुरू करता येईल?
३. एखादी वस्तू बिघडली की आपण आधी कुणाला बोलतो? ती शेवटची वापरणारीला, की शेवटची तपासणारीला?

तिसऱ्या प्रश्नावर जरा वेळ द्या. सचिव ताई त्या बैठकीनंतर दोन आठवडे होडीवर गेल्या नव्हत्या. मी घरी जाऊन बोलले तेव्हा त्या म्हणाल्या, "दोर तुटला त्याचं काही वाटलं नाही गो. सगळ्यांनी माझ्याचकडे बघितलं, त्याचं वाटलं." आता त्याच ताई दर महिन्याला टॉर्च घेऊन पेटीत वाकून बघतात आणि नव्या मुलींना दोर ओवायला शिकवतात. मागच्या महिन्यात त्यांनी माझ्या हातात वही दिली आणि म्हणाल्या, "मॅडम, सही नंतर. आधी आत बघा."

मी आत बघितलं, मगच सही केली.

पुढच्या अंकात : पावसाळ्याआधी सौर दिव्यांची काळजी. आपल्या गटाचे अनुभव तालुका कार्यालयात नक्की पाठवा.

आपली,
क्षेत्र समन्वयक